बायकांचा डबा

रोडगे निखाऱ्यात पुरले आणि म्हाळूला मीठ आठवलं. त्यानं पिशवी उपडी केली. बाजरीचं पीठ, वांगी, मिरच्या, लसूण. मीठ घरीच राहिलं होतं. दहा वर्षं ही पिशवी त्याची बायको बायना भरायची. बायना आषाढात गेली.

चुलीच्या तीन दगडांपलीकडे त्याची आठ वर्षांची लेक कावेरी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. शेजारच्या चुलीवर तिची मावशी साखराबाई भाकरी थापत होती. थापता थापता तिचा एक डोळा म्हाळूकडं होता.

ऊसतोडीला निघालेल्या पाच गाड्यांचा हा पहिला थांबा. शिरूर कासारहून निघतानाच साखराबाईनं त्याला बजावलं होतं, "दाजी, पोरगी माझ्या भैनीची हाय. पैल्या थांब्यावर बघते. तुमच्या हातचं पोटभर खाल्लं तर न्या संग. न्हाई तर म्होरं फाट्यावर फोनचं दुकान झालंय. तिथून मामाला निरोप देते. तो येऊन घिऊन जाईल."

म्हाळू नुसता 'हं' म्हणाला होता. घरात त्याच्याशी बोलणारं आता कावेरी हे एकच माणूस उरलं होतं.

मीठ मागावं तर साखराबाईच्या देखत मागावं लागणार. पहिल्याच चुलीला मीठ विसरणाऱ्याजवळ ती पोर ठेवील?

मग त्याला डबा आठवला. वाटेवरच्या थांब्यांवर बायकांनी पत्र्याचा एकेक डबा लपवलेला असायचा. आत मीठ, काड्यापेटी, सुक्या मिरच्या. जिला नड असेल तिनं लागेल तेवढं घ्यावं, बदल्यात काहीतरी ठेवावं, आणि निघताना डबा पुन्हा दडवावा. कुठल्याही टोळीतल्या बाईला तो चाले. गड्यांना मात्र जागा कळू द्यायची नाही. गड्यांना कळलं की मीठ जातं आणि डब्यात तंबाखू येते, असं बायका म्हणत.

बायनानंही जागा कधी सांगितली नव्हती. पण रात्री पडल्या पडल्या ती बोलायची. शेंदराच्या दगडाखाली ठेवायचा न्हाई, देवाला आपली नड दाखवू नये. कुणाच्या बांधात न्हाई, मालकाला इचारल्याबिगर त्याचा धोंडा हलवू नये. बिळात तर न्हाईच. जिथं हात घालायचा तिथं आधी डोळा गेला पायजे.

"बैलांकडं बघून येतो," तो कावेरीला म्हणाला. "रोडग्यांवर ध्यान ठिव."

ओढ्याच्या कडेनं तो झपाझप चालला. करंजाखाली शेंदूर लावलेला दगड होता. तो सोडला. पलीकडं कुणाच्या तरी तुरीचा बांध होता. तोही सोडला. दरडीत बिळं होती, तिकडं त्यानं बघितलंच नाही. पावसाळ्यात वाहून आलेला काडीकचरा झुडपांना कमरेएवढ्या उंचीवर अडकला होता. इथवर पाणी चढतं, म्हणजे डबा याच्या वर.

"म्हाळू," मागून साखराबाईचा नवरा आश्रुबा ओरडला, "रोडगे पुरले का गवऱ्या? धूर बघ की जरा."

गडी हसले. म्हाळूनं पाय उचलला. पोरगी तिथं उपाशी, रोडगे जळायला लागलेले, आणि तो इथं धोंडे धुंडाळत होता.

वर चढावर दगडांची एक रास होती. दोन दगडांच्या फटीत ऊन थेट आतवर पडलं होतं. आत पत्रा चमकला. त्यानं डबा ओढून काढला, मूठभर मीठ टॉवेलच्या टोकाला बांधलं. बदल्यात ठेवायला काय? खिशात नवी काड्यापेटी होती. ती त्यानं आत टाकली. झाकण वर टेकवलं. तो वळला तर समोर साखराबाई उभी.

"आक्का, मीठ इसरलो," तो म्हणाला.

तिनं डबा त्याच्या हातून घेतला. आत बघितलं. काड्यापेटी कानापाशी नेऊन हलवली. भरलेली होती.

"जागा कुणी दावली?"

"कुणी न्हाई. बायना बोलायची, तसं हुडकलं."

ती वळली. डबा पदराखाली घेऊन चालू लागली. म्हाळूला वाटलं, झालं. फाटा आला की मामाला फोन लागणार.

चुलीत एक रोडगा एका अंगानं काळा पडला होता. त्यानं जळकं खरवडून टाकलं, भाजलेली वांगी सोलली, लसूण-मिरची ठेचली, मीठ घातलं, भरीत कालवलं. कावेरी खाऊ लागली. तो घास न घेता तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं एक रोडगा संपवला आणि दुसरा मोडला.

तेवढ्यात साखराबाई आली. न विचारता त्याच्या थाळीतलं बोटभर भरीत उचलून जिभेवर ठेवलं आणि तशीच परत गेली. बायकांची डोकी एकत्र आली. त्यातल्या वच्छलाबाईनं मान वळवून म्हाळूकडं एकदा बघितलं.

"बाबा, फाटा किती लांब हाय?" कावेरीनं विचारलं.

म्हाळूनं तिच्या थाळीत आणखी भरीत वाढलं.

भांडी राखेनं घासून झाली. साखराबाईनं हाळी दिली, "गडी हो, उठा. बैलं पाण्यावर न्या. आमाला डबा ठेवायचाय."

"आत्ताच तर पाजली," आश्रुबा कुरकुरला. "परत कावून?"

"परत पाजा."

गडी उठले. म्हाळूही उठला. त्यानं बैलाचं दावं सोडायला हात घातला.

"दाजी, तुमी कुटं निघाले?" साखराबाई म्हणाली. "पोरीला म्होरच्या थांब्यावर बी मीठ लागंल. बसा हितं."