मिस्त्रीचा तळहात

“अजून मिसिंग मारतंय, ठोका चुकतोय! बंद कर!” मिस्त्री ओरडला.

वीटवाल्याने ट्रक बंद केला, केबिनमधून खाली उडी मारली आणि कपाळाला हात लावला. ट्रक पेट्रोलवर चालणारा, कार्बोरेटरच्या जमान्यातला, वीटवाल्याच्या बापाने हौसेने घेतलेला. गेल्या आठवड्यात तो उचक्या देत गॅरेजात आला होता, आणि पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला होता.

“मिस्त्री,” वीटवाला त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “मला तर सुरळीत वाटतोय. द्या ना आता. विटा खोळंबल्यात.”

“तुला वाटतोय! तुला घोडा आणि गाढव सारखंच वाटतं, लेका.”

इंजिनांच्या संगतीत मिस्त्रीचे कान केव्हाच गेले होते, पण त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. चालू इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तिसरा प्लग मेलाय. बस्स. नाडी बघावी तर याने, असं लोक म्हणायचे. एकदा म्हणे त्याने नुसता हात ठेवून ड्रायव्हरची बायको रुसून माहेरी गेल्याचंही ओळखलं होतं. खरंखोटं तो ड्रायव्हर जाणे.

या वेळी मात्र हात एवढंच सांगत होता, की थरथर आहे. कुठे, ते काही केल्या सांगत नव्हता.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये कचरा होता, तो फुंकून काढला. उचक्या थांबल्या, थरथर राहिली. मग प्लग बदलले. पॉइंट घासले. फ्लोट खालीवर करून पाहिला. कुठे हवा ओढतंय का म्हणून गॅस्केटच्या कडेने तेल सोडलं. हवेचा बारीक स्क्रू तर इतक्यांदा फिरवला, की पेचकस खाचेतून सटकायला लागला. “हल्लीचे पेचकस म्हणजे निव्वळ पत्रा,” तो पुटपुटला.

एरवी त्याने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण परगावच्या मुलाने गॅरेजला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. “बाबा, पुरे आता, आमच्याकडे या,” असा त्याचा फोनवरून रोजचा धोशा; बायको तो मिस्त्रीच्या कानात ओरडून पोचवायची. शेवटी मिस्त्री पाना आपटून फोनमध्ये ओरडला होता, “ज्या दिवशी माझ्या हाताला दोष सापडणार नाही, त्या दिवशी गॅरेजची किल्ली तुझ्या हवाली! तोवर तोंड मीट.” शब्द म्हणजे शब्द. आणि तो दिवस आता दारात येऊन उभा होता.

आजच सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. मिस्त्री गॅरेजात शिरायला आणि बायको बाहेर पडायला एकच गाठ पडली.

“काय करत होतीस?”

“झाडत होते,” ती त्याच्या कानाशी ओरडली.

“झाडूला ग्रीस लागतं होय?”

तिने बोटं पुसली आणि त्याच्या शर्टाची बटणं लावायला घेतली. “उभे राहा नीट. उघडेच फिराल नाहीतर.”

आत जाऊन त्याने कार्बोरेटरचे नट पाहिले. त्याने आवळले होते त्याहून घट्ट! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ते खोटं नाही. मुलाची फूस असणार, दुसरं काय!

दुपारी वीटवाल्याने शेवटचा उपाय केला. ट्रक चालू करून पाण्याने भरलेला पेला त्याने इंजिनावर ठेवला. पाणी विहिरीतल्यासारखं निवांत.

“आता बोला मिस्त्री! थेंब हलत नाहीये.”

“काचेला काय अक्कल? काचेला कळतं तर मला कोणी विचारलं असतं!” मिस्त्रीने पेला उचलून तोंडाला लावला. निम्मं पाणी शर्टावर आलं. “काठोकाठ कशाला भरतोस रे, मूर्खा?”

वीटवाल्याने दारात येऊन उभ्या राहिलेल्या मिस्त्रीच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान दुसरीकडे वळवली. “मी चहा पिऊन येतो,” म्हणत तो सटकला.

मिस्त्रीने तिला बोटाने बोलावलं आणि केबिनकडे खूण केली. “चढ. तिथे बसायचं. मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. बघू आता कोण हात लावतं ते.”

ती निमूट चढून बसली.

त्याने ओला शर्ट झटकला, तळहात इंजिनाच्या डोक्यावर टेकवला आणि डोळे मिटले. होती, थरथर होतीच. उजव्या हातातला पेचकस त्याने खाली टाकला. आता फक्त शोधायचं. पहिला सिलिंडर? नाही. दुसरा? एकसारखीच. जन्मभर या हाताशी इंजिनं बोलली होती, आणि आज हे मेलं एक अक्षर बोलेना. केबिनमधून ती काहीतरी म्हणाली, पण त्याला काय ऐकू येणार!

“सापडत नाही गं,” डोळे न उघडताच तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखीचा वाटला नसता. “कळतंय, पण सापडत नाही. किल्ली देऊन टाकावी लागणार बघ.”

खांद्यावर कुणाचा तरी हात पडला.

“खाली उतरू नको म्हटलं होतं ना!” त्याने डोळे उघडले.

बायको शेजारी उभी होती. ट्रकची चावी तिच्या मुठीत होती. समोर पंख्याची पाती ढिम्म थांबलेली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

मिस्त्रीने तळहात इंजिनावर आणखी घट्ट दाबून धरला. थरथर तशीच होती.