सयाजीचा लॅपटॉप

सयाजीला पोरानं पुण्याहून लॅपटॉप पाठवला, तेव्हापासून शेजारच्या सावळेरामच्या पोटात दुखत होतं. शेवटी तो डिंगोऱ्याहून तडक आळेफाट्याला गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, आमच्या शेजारच्या सयाजीच्यापेक्षा भारी लॅपटॉप दावा."

सावळेरामनं समोर मांडलेल्या एकेका लॅपटॉपचं झाकण दाबून, बिजागरी हलवून पाहिली.

"हा धातूचा घ्या बाबा, लई मजबूत. रोजची कामं व्हतील, हलके गेमबी चालतील," दुकानदार म्हणाला आणि हसला. "पण या वयात एवढी जळजळ? बोला, कोणता गेम टाकू?"

सावळेराम ओशाळला.



"बुद्धिबळ टाका. अन् पलीकडून सयाजीच खेळंल असं बगा. ते यंत्र आल्यापासनं तो माज्यासंगं पारावर बसतच न्हाई."