तिचे नाव लिहा

मॅव्हिसचा मुलगा अपघातात गेला. वाळवंटातल्या त्या आदिवासी वस्तीच्या रीतीप्रमाणे, दुखवटा संपेपर्यंत त्याचे नाव कोणी उच्चारत नव्हते आणि त्याच्या सर्व तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. त्यातच जुने फोटो आपोआप दाखवणारी फोनची नवी प्रणाली आली आणि पडदा उजळला, की प्रत्येक वेळी मुलाचाच हसरा चेहरा समोर येऊ लागला. फोन बंद ठेवणे शक्य नव्हते. दूरच्या ॲलिस स्प्रिंग्स शहरातल्या इस्पितळातून तिच्या डायलिसिसचा निरोप त्याच्यावरच येई.

ती फोन घेऊन डंकनकडे गेली. बाहेरून आलेला डंकन वस्तीच्या शाळेत विज्ञान शिकवी. त्याने बऱ्याच खटपटीने योग्य सेटिंग शोधले, तेव्हा एक चौकट उघडली: ‘ही व्यक्ती पुन्हा दिसू नये यासाठी तिचे नाव लिहा.’

“लिही की मास्तर,” मॅव्हिस पाठ फिरवून म्हणाली. “आमच्यातल्या कुणाचा हात धजायचा नाही. तू तर म्हणतोस, नाव म्हणजे नुसता आवाज.”

“अजूनही तेच म्हणतो.”

“मग थांबलास कशाला?”

शाळेच्या हजेरीत डंकनने ते नाव वर्षानुवर्षे पुकारले होते. त्याने पहिले अक्षर लिहिले, पुसले आणि फोन मेजावर पालथा ठेवला.

“झालं!” मॅव्हिस म्हणाली. “अख्ख्या वस्तीत एक परका होता, तोही आमच्यातलाच निघाला. आता कुणाकडे जाऊ?”