आहे तसाच चेहरा

लेक बेसिनवर वाकून साबणाने गाल खसाखसा घासत होती आणि दारात उभ्या आईचा जीव खालीवर होत होता.

"अगं, सोलून काढशील."

लेकीने लक्ष दिलं नाही. फेस धुतल्यावर पुटकुळ्या आणखी लाल झाल्या, आणि घरातल्या सगळ्यांच्या टॉवेलने तिने तोंड पुसलं. आईला बघवेना. तिचा जन्म लाँड्रीत गेलेला. डाग दिसला की हात शिवशिवायचे. चोळून डाग जात नाही, कापडच विरतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण कापड निमूट हातात येतं, वीस वर्षांची पोर कुठली यायला!

या पुटकुळ्यांपायी पोरीने काय सोसलं ते आईलाच ठाऊक. दुकानाच्या काउंटरवर तिला कुणी ठेवेना. गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. गेलं वर्षभर ती तोंडाला रुमाल बांधूनच बाहेर पडायची.

आणि अचानक तिला होकार आला. फेसवॉशच्या जाहिरातीसाठी ढीगभर मुलींमधून हिलाच निवडलं. त्या दिवशी ती उघड्या तोंडाने घरी आली. आई हरखली, पण धास्तावलीही. या चेहऱ्याने? तिने भीत भीत विचारलंच.

"चेहरा बघूनच घेतलंय," लेक म्हणाली. "शूटिंगपर्यंत काही बदलू नको असं बजावलंय त्यांनी. तूही मध्ये पडू नकोस."

त्यांना काय जातंय बजावायला, आई मनात म्हणाली. ऐन वेळी त्यांनी पोरीला परत पाठवलं, तर ही पुन्हा रुमालाआड जाईल आणि मग काही बाहेर यायची नाही. या भीतीने तिचा डोळा लागेना.

तिने धाकट्या बहिणीला गाठलं. ती त्वचेच्या डॉक्टरांकडे नर्स होती. मावशी घरी येऊन भाचीला समजावून गेली: सकाळ-संध्याकाळ सौम्य साबण, कोमट पाणी, हलका हात, पुसताना नुसतं टिपायचं, टॉवेल आपला वेगळा, उशीचा अभ्रा स्वच्छ. भाचीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच साबण उचलला.

मग आईने आपला मार्ग धरला. मावशीने दिलेल्या सौम्य वडीवरचं नाव तिने ओल्या अंगठ्याने पुसलं आणि ती जुन्या साबणाच्या जागी ठेवली. लाँड्रीतून येताना ती धुतलेला अभ्रा आणी. मऊ टॉवेल तेवढा खुंटीवर ठेवून बाकीचे कपाटात कोंबले. लेक गाल घासायला लागली की दार वाजवून, पाणी काय फुकट येतं का, म्हणून कटकट करी. पोर वैतागून बाहेर येई.

शूटिंग पुढे ढकललं गेलं. आईला तेवढीच सवड मिळाली. गाल हळूहळू निवळू लागले. लेक मात्र चिडचिडी झाली. आरशासमोर उभी राहून गालांवरून बोटं फिरवी, जेवताना बोलेनाशी झाली. राहिलेत ते दोन-चार डाग तिला छळत असतील, असं आईला वाटलं.

"जातील गं तेही," ती म्हणाली. लेक ताटावरून उठून गेली.

शूटिंगच्या दिवशी आई हट्टाने सोबत गेली. दिव्यांखाली लेकीचा चेहरा नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा दिसत होता. आईचा ऊर भरून आला. मेकअपवालीने लेकीची हनुवटी उजेडाकडे वळवली, जरा थबकली आणि जाहिरातवाल्या साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी फोनमधला जुना फोटो काढून पुन्हा पुन्हा पडताळला. लेक मान खाली घालून उभी होती.

आईला राहवलं नाही. पुढे होऊन तिने कौतुकाने सगळं सांगून टाकलं. साबण मीच बदलला, पोरीला पत्ताही लागू दिला नाही. लेकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मेहनत घेतलीत, ताई," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "पण फेसवॉश वापरल्यानंतरचा चेहरा दुसऱ्या मुलीचा आहे. हिला आम्ही वापरायच्या आधीचा चेहरा म्हणून घेतलं होतं."