मागची जागा

लाकडी पट्टी मोडल्याचा आवाज नुकताच विरला होता. घड्याळजींच्या दोन हातांत दोन तुकडे होते. दारात बायको होती, कमरेवर ओल्या कपड्यांची बादली. ती आपले चिमटे परत न्यायला आली होती. कपडे वाळत घालायचे ते सारे लाकडी चिमटे इथे टेबलावर, साच्याच्या कडेने वाट पाहत पडले होते, आणि बाहेर दोरी रिकामी होती.

साचा म्हणजे एक जाड फळी. तिच्यावर विमानाच्या पंखाची कमान आखलेली, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना ठोकळे ठोकलेले. वाफवलेली पट्टी त्या ठोकळ्यांमध्ये वाकवून बसवायची, चिमट्यांनी जखडायची, रात्रभर सुकू द्यायची. सकाळी ती पंखाची फासळी व्हायला तयार असते. भिंतीलगत विमानाचा सांगाडा होता. त्यात पुढे बसायची एक जागा, मागे एक. मागच्या जागेविषयी बायकोने एकदाच सांगितले होते, “तिथे मी पाय ठेवायची नाही,” आणि तो शब्द तिने मागे घेतला नव्हता. घड्याळजींनीही ती जागा आराखड्यातून कधी खोडली नव्हती.

आता चुलीवरच्या वाफेच्या नळीत एकच पट्टी उरली होती. सरळ रेषांच्या दुर्मीळ लाकडातली शेवटची. ती गेली की शेवटची फासळी अडली, पंख अडला, आणि तसले लाकूड पुन्हा हाती लागायला वर्ष उलटले असते.

“काय वैमानिक, मोडली वाटतं?” कुंपणापलीकडून शेजारचे हेडमास्तर ओरडले. “इथवर आवाज आला! अहो, विमान राहू द्या. त्या काटक्यांची शेकोटी करा, निदान ऊब तरी मिळेल!”

घड्याळजी कसनुसे हसले. बायको हसली नाही. तिने बादली खाली ठेवली.

“हेडमास्तर, तुमचं भिंतीवरचं घड्याळ यांनीच चालू करून दिलं ना? मग त्यात किती वाजले बघा जरा. तुमच्या जेवणाची वेळ टळत असेल.”

कुंपणापलीकडे चपला फरफटत दूर गेल्या.

“आणि तुम्ही!” ती वळली. “मघापासून बघतेय. पट्टी वाफेतून काढता, डोळ्यावर भिंग ओढता, चीर शोधत बसता. तेवढ्यात ती गार होऊन आखडते. मग वाकवायला जाता. मोडेल नाही तर काय करेल बिचारी?”

“अगं, पण चीर असली तर...”

“जन्मभर तेच. आधी भिंग, मग माणूस. द्या ते इकडे.”

त्यांच्या कपाळावरचे भिंग तिने पट्ट्यासकट उतरवले आणि खिशात टाकले. न पाहता घड्याळाच्या पोटात हात घालणे त्यांच्या धंद्यात पाप होते. भिंगावाचून आपला चेहरा त्यांना उघडा पडल्यासारखा वाटला. पण ते काही बोलण्याआधीच तिने नळीच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा ओढला होता. वाफेचा लोट खोलीत शिरला.

“धरा!”

त्यांनी न पाहता धरली. फडक्यातूनही पट्टी चटका देत होती. एक टोक त्यांनी साच्याच्या नाकाशी, कमानीच्या पुढच्या टोकाला टेकवले, दुसरे तिने घेतले.

“हळू,” ते म्हणाले.

“हळूच आहे. तुमचं हळू म्हणजे थांबणं. थांबू नका.”

नाकाशी, जिथे बाक सर्वांत तीव्र होता, तिथे लाकूड अडले. एक बारीक कुरकुर ऐकू आली. दोघांचे श्वास थांबले. हात थांबले नाहीत. मग रुसलेले माणूस काही न बोलता पानावर येऊन बसावे, तशी पट्टी सबंध कमानीत अलगद येऊन बसली.

“चिमटे!” दोघे एकदम म्हणाले.

तिनेच ते भराभर लावले, दोरीवर लावावेत त्याच सफाईने. शेवटचा चिमटा बसला तेव्हा टेबलावर एकही उरला नव्हता. पट्टी साच्यात वाफ सोडत होती आणि खोलीला ओल्या लाकडाचा गोडसर वास येत होता.

“आता हे सगळं वाळत कुठे घालू मी? डोक्यावर?”

“उद्या सकाळी देतो चिमटे.”

“तुमची उद्या सकाळ मला ठाऊक आहे. माझ्या भावाचं घड्याळ अजून उद्या सकाळीच मिळायचंय.”

घड्याळजी मोठ्याने हसले. तिनेही हसू लपवायला तोंड फिरवले, पण पुरते फिरवले नाही. त्यांनी बोटाचे टोक पट्टीच्या बाकावरून अगदी शेवटापर्यंत नेले. कुठे चीर लागली नाही. बोट तिथेच ठेवून, मान वर न करता, त्यांनी विचारले,

“मागे बसशील ना गं?”

तिने बादली उचलली. सांगाड्यापाशी आली तेव्हा तिची पावले मंदावली. ओल्या कपड्यांच्या ढिगातून तिने एक रुमाल उपसला. तिचाच, निळ्या काठाचा. तो पिळला, झटकला, मागच्या जागेच्या फळीवर चारी कोपरे ताणून नीट पसरला, आणि मागे वळून न पाहता निघून गेली.