कडेची ओळ

छपरावरचा प्रत्येक स्क्रू आवळला की मिस्त्री त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका नाही तर स्क्रूचा भरवसा नाही. आज कारखान्याच्या छपरावर कडेची ओळ आवळायची राहिली आणि बाटली संपली. नवी आणायला तो बाजारात गेला, परतेपर्यंत वादळ आलं आणि स्वारी कारखान्याच्या फाटकावरच्या चौकीत अडकली. वारा आधी कडेलाच हात घालतो. त्याच छपराखाली बायको शिलाईला बसलेली! शेजारच्या गोदामाचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. वारा पडताच तो धावत वर चढला. कडेचा एकही पत्रा हलला नव्हता. प्रत्येक स्क्रूवर ठिपका होता, जांभळा! खाली बायको उभी होती. “बाटलीपायी काम अडवणारा मिस्त्री तुम्हीच! जेवणाच्या सुट्टीत मीच चढले.” “सेफ्टी बेल्ट तरी बांधला होतास?” “तुमचाच बांधला. ढिला होता, तोही आवळला.”