एटापल्लीची मच्छरदाणी

चांद्याच्या शिक्षण कचेरीत एक रीत होती. ज्याची बदली एटापल्लीच्या जंगलात होई, त्याला कचेरीची मच्छरदाणी मिळे. तो परतला की ती पुढच्याकडे जाई.

आज एटापल्लीहून आलेल्या गाडीवान वारलूनं ती पोत्यात गुंडाळून फाटकापाशीच कचेरीतल्या गुणवंतरावांच्या हातात दिली.

"नानाजीमास्तर हिवतापानं गेले, भाऊ. सायबाले सांगजा."

नानाजीनंतर एटापल्लीला जायची पाळी गुणवंतरावांचीच होती. घरी बायकोचे, वच्छलाचे, दिवस भरत आले होते.

आत मुख्य कारकून, बडेबाबू मनसाराम, खात्याच्या शनिवारच्या बातम्या वाचून दाखवत होते.

सावली गावच्या शाळेवर नवी कौलं चढली.

गुणवंतराव खुर्चीत बसले.

तिथल्या मास्तरीण इंदुताई मॅट्रिक पास झाल्या.

पोतं मांडीवरच होतं.

नानाजींना एटापल्लीतच आणखी एक वर्ष.

"सुटले बा गुणवंतराव," शेजारचा खुशाल हसला. "पेढे कवा देता?"

गुणवंतरावांनी पोतं खाली ठेवलं आणि पायानं टेबलाखाली सरकवलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," बडेबाबू त्यांना म्हणाले. "नानाजीले चार ओळी लिवा. म्हणा, तब्येत सांभाळजा."

गुणवंतरावांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, 'प्रिय नानाजी, सप्रेम नमस्कार.'